नागुबाईचं वळवाचं बिऱ्हाड

नागुबाई जन्माला आली ती पाय पुढं करून. हिंडलग्याच्या घरी मालुबाई नावाची सुईण होती. तिला आधी दोन तळपाय दिसले, मग बाकीचं पोर दिसलं, आणि हात धुवून ती बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी हाय. पायाळू हाय." पहिल्या बातमीचं सुखदुःख करायला घरच्यांना वेळच मिळाला नाही, कारण दुसरी बातमी मोठी होती.

पायाळू माणसाचं आपल्याकडं मोठं विचित्र असतं. वाकताना कुणाच्या कंबरेत उसण भरली आणि माणूस जागच्या जागी अडकला, की पायाळूनं त्याच्या पाठीवर पाय लावायचा. उसण उतरते म्हणतात. त्यामुळं पायाळू माणूस गावाला हवा असतो. पण वीज पायाळूला शोधत येते, असंही म्हणतात. त्यामुळं आभाळ गडगडायला लागलं की तोच माणूस गावाला नको असतो. सकाळी ज्या पायांखाली पालथं पडायचं, तेच पाय दुपारी ढग आला की उंबऱ्याबाहेर. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण पाळायला कुणी चुकत नाही.

बेळगावकडं वळीव काही साधा नसतो. पाडवा झाला की दुपार कलताना आभाळ काळंनिळं होतं, वारा धूळ उडवतो आणि पाण्याच्या आधी विजाच येतात. अशा वेळी नागूची आई दोन्ही मुलग्यांना मांडीवर घ्यायची, त्यांचे कान पदरानं झाकायची. नागूला मात्र दाराजवळ पाटावर बसवलेलं असायचं. आईचं काळीज दगडाचं नव्हतं. ती तिकडून सारखी म्हणायची, "भिऊ नगं गं नागू, मी हितंच हाय." पण 'हितं' म्हणजे घराच्या दुसऱ्या टोकाला. कडाडलं की भाऊ आईच्या पदरात तोंड लपवायचे आणि नागू आपलेच गुडघे मिठीत घ्यायची. ती रडायची नाही. आपण रडलो की आईपण रडते, एवढं तिला लवकर कळलं होतं.

पुढं शेतात भांगलणीला, तण काढायला जाऊ लागली तेव्हाही तेच. आभाळ भरून आलं की बायका जांभळाच्या झाडाखाली गोळा व्हायच्या आणि त्यातली एखादी म्हणायची, "नागे, तू जरा लांब बस गं." ती लांब बसायची. भिजायची. पाऊस थांबल्यावर सगळ्या तिला हसत बोलवायच्या, आपल्यातली भाकरी द्यायच्या आणि कुणाची कंबर धरली असली तर तिथंच पालथ्या पडायच्या. तिला राग यायचा नाही, असं लोक म्हणायचे. यायचा. पण ज्यांच्याबरोबर रोजचं जगायचं त्यांच्यावर रागावून जायचं कुठं, हा प्रश्न होता.

लग्न जमवताना तिच्या वडिलांनी काही लपवलं नाही. जांबोटीच्या रस्त्याला, पिरनवाडीच्या बरंच पुढं एक गाव होतं. तिथल्या महादेवला त्यांनी सरळ सांगितलं, पोरगी पायाळू आहे. महादेव म्हणाला, "बरं झालं की. माझी कंबर बारा म्हैने धरलेली असती."

लग्नानंतरच्या पहिल्या वळवात आभाळ गडगडलं आणि नागुबाई सवयीनं उठून गोठ्यात जाऊन बसली. कुणी जा म्हटलं नव्हतं. थोड्या वेळानं महादेव कांबळं घेऊन आला आणि तिच्या शेजारी बसला. ती म्हणाली, "तुमी आत जावा. मी पायाळू हाय." तो म्हणाला, "पडायची तर दोघांवर पडू दे. मागं राहून मी एकटा भाकऱ्या कुठं भाजत बसू?" आणि त्यानं कांबळं दोघांच्या डोक्यावरून घेतलं. त्या कांबळ्याला शेळीचा वास येत होता. नागुबाई पहिल्यांदा रडली ती त्या दिवशी, आणि महादेवला वाटलं, ही विजेला भिते.

पुढं पुष्कळ वळीव आले आणि गेले. दोघं घरातच बसायची. महादेव चहा मागायचा, ती करायची. वीज काही पडली नाही. पावसाआधी कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी व्हायची, काजू वेचून व्हायचा, नागेंद्र नावाचा मुलगा शिकून बेळगावच्या कारखान्यात लागला. मग एका थंडीत, आभाळात बोटाएवढाही ढग नसताना, महादेवच्या छातीत कळ आली आणि तो गेला. तेव्हाही गावातली एकजण म्हणालीच, "वीज काय आभाळातनंच पडती व्हय?" माणसाचं तोंड बंद करायला अजून झाकण निघालेलं नाही.

नागेंद्रनं पिरनवाडीला घर बांधलं. स्लॅबचं, दोन खोल्यांचं, वर टाकी. गावाकडचं जुनं घर पडायला आलं होतं, म्हणून आईला त्यानं तिथं आणलं, आणि मग लग्न केलं ते खासबागच्या दिपालीशी. दिपाली बोलायला सरळ आणि हाताला चटपटीत. सासूसुनेचं बरं जमायचं. अडचण होती दिपालीच्या आईची. अक्काताई हातमागवाल्या घरातल्या, बोलणं घट्ट विणीचं; धागा कुठं सुरू झाला ते सापडत नसे. पहिल्या चैत्रात त्या लेकीकडं आल्या आणि जावयाला बाजूला घेऊन काहीतरी बोलल्या. त्या रात्री नागेंद्र जेवताना ताटाकडं बघत म्हणाला, "आई, आंबं राखायला कुणीतरी पायजे न्हवं गावाकडच्या शेतात?"

आंब्याची झाडं दोन. आंबे असे आंबट, की माकडंसुद्धा एक चावा घेऊन उरलेला राखणाऱ्याच्या अंगावर फेकायची. पण नागुबाईनं विचारलं नाही. तिनं लुगडी बांधली, वाटीभर लोणचं घेतलं आणि म्हणाली, "व्हय, राखायला पायजेच."

तेव्हापासून दर वर्षी पाडवा झाला की तिचं बिऱ्हाड शेतावर आणि मृगाचा पाऊस नीट लागला की परत पिरनवाडीला. सरकारनं बायकांना बस फुकट केली, तेव्हा तिचा वनवासही बिनतिकिटाचा झाला. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "आज्जी, निघाला आंबं राखायला?" असं तो विचारायचा आणि ती मान हलवायची.

आता यातली गंमत बघा. विजेच्या भीतीनं बाईला घराबाहेर काढलं आणि पाठवलं कुठं, तर पत्र्याच्या खोपीत. खोप कुठं, तर उंच आंब्याखाली. विजेला पत्ता लिहून द्यायचा तर याहून सोपा काय असणार. घरातल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. ते आलं आरोग्य खात्याच्या आशाताई रूपालीच्या. ती घरोघरी गोळ्या वाटत शिवारात आली होती. वळवाच्या दिवसांत कसं राहायचं, हेही सांगायचं काम तिच्यावर होतं. खोपीकडं बघून ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मावशी, इजा चमकूलागल्या की ह्या झाडाखाली आन पत्र्यात थांबायचं न्हाय. पक्कं सिमिटाचं घर बघायचं. न्हायच घावलं आन उघड्यावरच अडकलासा, तर खोलगट जाग्याला दोनी पाय जुळवून उकिडवं बसायचं, कान झाकायचं. आडवं पडायचं न्हाय. गडगडायचं थांबलं तरी लगीच भाईर पडायचं न्हाय, अर्धा तास तरी दम काढायचा."

"आन पायाळूनं?" नागुबाईनं विचारलं.

रूपाली हसली. "इजेला काय कळतंय कोण कसं जल्मलंय त्ये. उंच झाड कळतंय, उघड्यावर उभारलेला माणूस कळतोय. मोबाइल बंद करायची बी गरज न्हाय. सगळ्यांस्नी तेच सांगतोय मी."

नागुबाईला हे नवीन नव्हतं आणि नवीन होतंही. जांभळाखालून आपल्याला हाकलत होत्या, त्या बायकांनी नकळत आपल्याला चांगल्याच जागी बसवलं होतं की काय, असं तिला वाटलं आणि थोडं हसू आलं. पण ते सांगायचं कुणाला? ऐकणारा कांबळं घेऊन केव्हाच गेला होता.

शेजारच्या शेतात यल्लाप्पाची विहीर होती आणि विहिरीवर सिमेंटची मोटरखोली. यल्लाप्पाची कंबर महिन्यातून एकदा तरी धरायची, त्यामुळं तो नागुबाईला नाही म्हणू शकत नसे. त्यानं कुलपाची एक किल्ली तिला देऊन ठेवली. "आक्का, फ्यूज काढून ठेवत जा आन बोर्डाला, पायपाला हात लावू नगंस," असं बजावून सांगितलं. माणूस चांगला. पण आभाळ आलं की तोही आपली म्हैस सोडून लगबगीनं घराकडं निघायचा. जाताना वळून म्हणायचा, "आक्का, संबाळून." मग सगळं शिवार मोकळं होई. नागुबाई मोटरखोलीत भिंतीपासून लांब, मधोमध पोतं टाकून बसायची. बाहेर गडगडायचं. आत ग्रीसचा आणि ओल्या मातीचा वास. तिला वीज पडण्याची भीती वाटत नसे. आपण इथं बसलोय हे कुणाच्या ध्यानात तरी आहे का, याची भीती वाटे.

यंदा दिपालीला दिवस गेले होते आणि तारीख होती ती नेमकी वळवातली. पाडव्याला नागुबाई निघाली तेव्हा सुनेचं पोट चांगलं दिसायला लागलं होतं. दिपाली सासूला म्हणाली, "आत्ती, बाळाच्या येळंला तरी येशीला न्हवं?" नागुबाई म्हणाली, "आभाळ निवळ असलं तर यीन." तिला एकच पाहिजे होतं. नातवंड मांडीवर घेऊन त्या स्लॅबखाली बसायचं होतं, बाहेर गडगडत असताना. बाकी तिचं देवाकडं मागणं असं फारसं उरलं नव्हतं.

तारीख जवळ आली तसं कळलं, की पोर पोटात उलटं आहे. डोकं वर, पाय खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरायचं काही नाही, पोट चिरून काढू. दवाखान्यात बाळंतिणीजवळ थांबायला माणूस पाहिजे होतं. अक्काताईंची कंबर धरलेली, म्हणून नागुबाईला बोलावणं आलं. दिवस वळवाचेच होते. पण दवाखाना परक्याचा, त्याच्यावर वीज पडली तर पडो, असा अक्काताईंचा हिशेब असावा.

मुलगी झाली. गोरीपान, डोकंभर जावळ. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा दिपालीनं सासूला जवळ बोलावलं.

"आत्ती, मला निसती कंबरंखालीच भूल दिलती. मी जागीच हुती. डॉक्टरीणबाई नर्सला कन्नडात म्हणाल्या, कालु मोदलु बंतु. पाय पहिलं आलं म्हणून." तिनं बाळाकडं बघितलं. "म्हंजे ही बी तुमच्यासारखीच, न्हवं?"

नागुबाईनं दुपट्याची घडी उलगडली आणि ते पाय बघितले. सुरकुतलेले, तांबूस, तिच्या अंगठ्याएवढे. तिला आनंद झाला. सगळ्या जन्मात तिच्यासारखं कुणी तिला भेटलं नव्हतं, आणि आता घरातच, रक्ताचं, हे एवढंसं आलं होतं. तिनं ते तळपाय गालाला लावले. क्षणभरच. मग तिला दाराजवळचा पाट आठवला आणि तिनं दुपट्याची घडी घाईनं परत घातली.

"हे कुणाजवळ बोलू नगंस," ती म्हणाली. "तुझ्या आईजवळ तर न्हायच न्हाय. नागेंद्राजवळ बी न्हाय."

"पण आत्ती, असलं काय नसतंय वो. माझा न्हाय इस्वास."

"तुझा नसंल गं. तुझ्यावर कुठं बेतलंय?"

बारसं पिरनवाडीला ठरलं. खासबागचं घर मागांनी भरलेलं, तिथं पाळणा टांगायलाही जागा नव्हती. म्हणून अक्काताईच लेकीकडं येऊन राहिल्या होत्या. दवाखान्यातून परत शेतावर गेलेली नागुबाई त्या दिवशी सकाळच्या बसनं आली, पिशवीत काजू आणि बाळंतविड्याचं झबलं घेऊन. आभाळ निवळ होतं. अक्काताईंनी तिला दारातच धरलं. "विहीणबाई, बरं झालं आलासा. चार दिवस झालं, वाकाया येईना झालंय." मग आतल्या खोलीत त्या सतरंजीवर पालथ्या पडल्या. नागुबाईनं भिंतीला हात टेकून, जपून, त्यांच्या पाठीवर उजवा पाय लावला आणि कंबरेपाशी दाबला. अक्काताई उठल्या, वाकून बघितलं आणि समाधानानं म्हणाल्या, "तुमच्या पायात देव हाय बघा."

देवाची ड्यूटी दुपारपर्यंतच होती. जेवणं उरकून बायका पाळण्याभोवती जमल्या, आत्या म्हणून आलेल्या नागेंद्रच्या चुलतबहिणीनं बाळाच्या कानात चिन्मयी हे नाव सांगितलं, आत्याच्या पाठीवर धपाटे बसले, पेढे वाटले. तेवढ्यात एकदोघींच्या मोबाइलवर कन्नडात निरोप आला. गुडुगु, सिडिलु, असं काहीतरी. गडगडाट आणि विजा येणार, घरातच थांबा म्हणून. खिडकीतून उन्हाचा रंग बदलला. लांबवर आभाळात मोठी पिंपं लोटल्यासारखा आवाज झाला.

 पुढचं नागुबाईला पाठ होतं. एकीनं बाहेर बघितलं, एकीनं नागुबाईकडं, आणि मग सगळ्यांनी पेढ्यांकडं.

"विहीणबाई," अक्काताई म्हणाल्या, "फाट्याची बस चुकंल बघा. मग पावसात अडकशीला."

नागुबाई उठायला लागली. बाळ अजून तिनं मांडीवरही घेतलं नव्हतं. आधी आत्याकडं होतं, मग बायकांकडं, मग पाळण्यात. आपली पाळी येईल म्हणून ती कडेला बसली होती. काही हरकत नाही, असं तिनं मनाला सांगितलं. ती सांगायची सवय जुनी होती.

"आई, आत्तींना का घालवूलालीस?" दिपालीचा आवाज पाळण्याच्या पलीकडून आला.

"मी कुठं घालवूलालोय? बस चुकंल म्हणून सांगूलालोय."

"आभाळ आलंय म्हणून सांगूलालीस. दर साली तेच चाललंय. आंबं राखायचं म्हणं." दिपालीचा चेहरा लाल झाला होता. "त्येंच्यावर इज पडती म्हणून भाईर काढायचं, तर मग पोरीला बी द्या त्येंच्यासंगट. ती बी पायाळूच हाय. पाय पहिलं आलं म्हणून डॉक्टरीणबाई बोललेलं मी ह्या कानानं ऐकलंय."

दिपालीला न्याय करायचा होता. घरातल्या लेकरालाच पुढं केलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील, असं तिला वाटलं. तरण्या माणसाला असं वाटतं. नागुबाई मात्र सुनेकडं बघत नव्हती. ती पाळण्याच्या दोरीवरचा अक्काताईंचा हात बघत होती. तो हात सुटला. भाजल्यासारखा चटकन नाही, हळूच, पदर सारखा करायचं निमित्त करून. पाळण्यावर ओणवलेल्या बायका सरळ झाल्या. कडेवर पोर असलेली एक जण दोन पावलं मागं सरली. आणि तेव्हाच घरावर कडाडलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, पाळण्यात चिन्मयी दचकून किंचाळली आणि हातपाय ताठ करून रडायला लागली.

तिला कुणी उचललं नाही.

टाके ओले असलेली दिपाली उठायची धडपड करत होती. नागेंद्र बाहेर मंडपाचं कापड सोडवत होता. खोली बायकांनी भरलेली होती, त्यातल्या निम्म्या आया होत्या, आणि पाळणा मधोमध एकटा हलत होता. फार वेळ नाही. पण नागुबाईला तेवढा पुरे होता. साठ वर्षांपूर्वीच्या पाटावर ती परत जाऊन बसली.

"खुळी का काय गं तू?" ती मोठ्यांदा म्हणाली. असा आवाज तिचा कुणी ऐकला नव्हता. "भुलीच्या नादात ऐकलंस आन काय बी बोलूलालीस. मी स्वता इचारलंय डॉक्टरीणबाईस्नी. पोटातच फिरवून घेतलं, डोकं पहिलं काढलं म्हणाल्या. मी पायाळू हाय, मला न्हाय व्हय ठावं पायाळू कसं असतंय त्ये? ही न्हाय."

"आत्ती…"

"गप बस. गावच्या लक्ष्मीची आण घेऊन सांगतोय. पोरगी पायाळू न्हाय."

लक्ष्मीची आण म्हटल्यावर पुढं प्रश्न नसतो. नागुबाईनं उभ्या जन्मात देवाची खोटी शपथ घेतलेली नव्हती, हे अक्काताईंनाही माहीत होतं. त्यांनी श्वास सोडला, पुढं होऊन नातीला उचललं, मांडीवर घेतलं आणि तिचे कान पदरानं झाकले. "भिऊ नगं गं माझे सोने," त्या म्हणाल्या. बायका परत ओणवल्या. कुणी म्हणालं, भुलीनं असं होतं, माझ्या भावजयीलाही झालं होतं.

नागुबाईनं पिशवी उचलली. दिपाली तिच्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं तोंड उघडलं. नागुबाईनं हलकेच मान हलवली, नाही म्हणून. सुनेनं तोंड मिटलं.

नागेंद्र दारात आला. "आई, मी सोडतो गाडीवरनं."

"ह्या आभाळात उघड्या गाडीवर नगं. बस चारी बाजूनं बंद असती. तू पोरीपाशी थांब."

तो खाली बघत म्हणाला, "आंबं उतरलं की लगीच ये."

"व्हय," ती म्हणाली. आंबे उतरून आठवडा झाला होता. एक पिशवी तिनंच सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात ठेवली होती.

बसमध्ये कंडक्टर काही विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हता, तोही काचेतून आभाळ बघत होता. पाऊस पिरनवाडीवर कोसळत होता आणि बस त्याच्यापुढं पळत होती. फाट्याला उतरली तेव्हा इकडं नुसतं वारं सुटलं होतं. शिवारात चिटपाखरू नव्हतं. यल्लाप्पाची म्हैस गेली होती, यल्लाप्पा गेला होता. खोपीकडं न वळता ती भराभर मोटरखोलीत आली, फ्यूज काढला, पोतं मधोमध टाकलं आणि दार ओढून बसली.

मग पाऊस तिथंही पोचला. असा कडकडाट, की विहिरीच्या पाण्यालाही शहारा आला असावा. आणि त्या संध्याकाळी नागुबाई पहिल्यांदा खरोखर भ्याली. आजवर तिनं काही केलं नव्हतं, जन्मताना पाय पुढं आले एवढाच काय तो गुन्हा. आज मात्र तिनं लक्ष्मीच्या नावानं खोटं सांगितलं होतं, भर बारशात, नातीच्या पाळण्याशेजारी. रूपाली काहीही म्हणो, देवीला तर कळतंच की कोण खोटं बोललं ते. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "आई, पाडायची तर हितं माझ्यावर पाड. तिकडं जाऊ नगंस." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हेच तर सगळं गाव इतकी वर्षं म्हणत होतं. तिला महादेवची इतकी आठवण आली, की ती शेजारी हात फिरवून कांबळं चाचपायला लागली. तिथं पोत्याचं टोक होतं.

पदराच्या गाठीतला मोबाइल वाजला. दिपालीचा होता. आवाज दबका, तोंडावर हात धरून बोलल्यासारखा.

"आत्ती, पोचलासा?"

"पोचलो. सिमिटाच्या खोलीत हाय."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग दिपाली म्हणाली, "तुमी खोटं का बोललासा? मी तुमच्या बाजूनं बोलूलालतो न्हवं?"

"तू माझ्या बाजूनं बोललीस, मी तिच्या," नागुबाई म्हणाली. "हितनं फुडं कुणी इचारलं तर डोकंच पहिलं आलं म्हणायचं. तिला बी तेच सांगायचं. मोठी झाल्यावर बी. कुणाची कंबर धरली तर धरू दे."

वीज चमकली. फटीतून सगळी खोली पांढरी झाली, मोटर, पाइप, तिचे स्वतःचे जुळवलेले पाय. पाठोपाठ कडाडलं. तोच आवाज जरा मागून फोनमध्येही आला आणि त्याच्यामागून बाळाचं दचकून रडणं.

"दिपाली," नागुबाईनं घाईनं विचारलं, "पोरगी कुठं हाय?"

"आईच्या मांडीवर. नागेंद्र तिचं पाय धरून बसलेत. सगळी तिच्याभवतीच हाईत, आत्ती."

फोनमधलं रडणं हळूहळू बारीक होत गेलं आणि थांबलं. नागुबाई ते थांबेपर्यंत ऐकत राहिली.

"मग झालं," ती म्हणाली. "ठेव आता."